कोनाड्यातला उपडा कप

मित्रांनो, मी एक जुना कप आहे. चिनी मातीचा, निळ्या काठाचा आणि कान तुटलेला. आपली गोष्ट सांगताना वस्तू जन्मापासून कौतुक सुरू करतात. माझ्या जन्मात सांगण्यासारखं एवढंच, की आम्ही सहा भावंडं वाळल्या गवतात गुंडाळून लातूरहून शिरूर अनंतपाळच्या अलीकडच्या एका फाट्यावर आलो. तिथं अण्णारावांचं चहाचं हॉटेल होतं. तिसऱ्याच दिवशी माझा कान तुटला आणि माझी बदली बाहेरच्या भिंतीतल्या कोनाड्यात झाली.

ज्यांना हॉटेलात आत घेत नसत, त्यांच्यासाठी तो कोनाडा होता. मला बाहेर काढलं, कारण माझा कान तुटला होता. त्यांचं काय तुटलं होतं, ते मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

त्यांतलाच एक केरबा. तो विहिरी खोदायचा. सकाळी कामावर जाताना कोनाड्याखाली उकिडवा बसायचा आणि मला दोन्ही हातांत धरून वर करायचा. अण्णाराव हातभर उंचीवरून किटलीची धार सोडायचे. नेम चांगला होता त्यांचा. केरबाच्या बोटांवर सांडायचा तेवढा सोडला, तर बाकी सगळा चहा माझ्यातच पडायचा. केरबा "जी मालक" म्हणायचा, प्यायचा, तुटल्या कानावरून एकदा अंगठा फिरवायचा, मला राखेनं घासून धुवायचा आणि कोनाड्यात उपडा ठेवायचा. आतले माझे भाऊ दिवसभर एकाच बादलीत बुचकळले जायचे. त्या हॉटेलातला सगळ्यात स्वच्छ कप मीच होतो.

मग काळ बदलला. हॉटेलात कोणासाठी वेगळे कप ठेवतात का, ते तपासायला तालुक्याहून कोणी साहेब येणार अशी बातमी आली. अण्णारावांनी घाईनं गवंडी बोलावला आणि कोनाडा विटांनी बुजवून टाकला. मला काढायचं विसरले, की मला हात कोणी लावायचा यावर एकमत झालं नाही, ते ठाऊक नाही. मी चाळीस वर्षं भिंतीत उपडा होतो. अंधाराचं मला काही वाटलं नाही. पण रोज सकाळी पलीकडच्या गिलाव्यावरून एक अंगठा फिरायचा, बरोबर माझ्या तुटल्या कानाच्या रेषेवरून. आणि माझ्या रिकाम्या पोटात कोणीतरी हळूच "जी मालक" म्हणायचं.

मागच्या वर्षी भिंत फुटली. उजेडात पाहिलं तर समोर बाविशीची एक मुलगी उभी होती. केरबाची नात, धम्मप्रिया. लातूरला बी.कॉम. करून आली होती आणि आजी सरजाबाईच्या पाटल्या मोडून तिनं एका मोठ्या चहा कंपनीची फ्रँचायझी घेतली होती. कंपनीचं नाव मी सांगत नाही. तिचे वकील पुण्यात असतात. फ्रँचायझी म्हणजे पाटी कंपनीची, चव कंपनीची, डोक्यावरची टोपीसुद्धा कंपनीची. काळजी तेवढी आपली. अण्णाराव जाऊन बरीच वर्षं झाली होती. गाळा तिनं त्यांच्या मुलाकडून, दयानंदकडून, भाड्यानं घेतला होता.

सजावट करायला आलेल्या कंपनीच्या माणसानं मला पाहिलं आणि म्हणाला, "व्हिंटेज आहे, राहू द्या." त्यानं मला परत कोनाड्यात उपडा ठेवला आणि वर पिवळा दिवा लावला. धम्मप्रियाला काहीच माहीत नव्हतं. घरात आबांनी, म्हणजे केरबानं, या कोनाड्याबद्दल कधी शब्द काढला नव्हता. उद्घाटनाला आबा आले, माझ्याकडं पाहिलं आणि चहा न घेताच घरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. सकाळी शटर उघडावं, तर माझ्या शेजारी कंपनीचा एक कागदी कप. धुतलेला, ओला आणि उपडा. रोज एक. आता कागदी कप धुवून ठेवणारं माणूस या पृथ्वीवर नाही, एवढं सगळ्यांना कळतं. हाताखालची सिंधू म्हणाली, "ताई, हे ओलं हाय. कुणीतरी आत्ताच पिऊन गेलंय." दयानंदनं जागा जुनी असल्याचं सांगून एक नारळ सुचवला. फाट्यावर कुजबुज पसरली. गिऱ्हाईकं समोरच्या टपरीवर जाऊ लागली. कंपनीचे साहेब येऊन सांगून गेले, की महिनाभर असंच चाललं तर पाटी उतरवू.

धम्मप्रिया एके दिवशी तांबडं फुटायच्या आत आली आणि अर्ध्या शटरमागं बसली.

आबा आले. वर्षभरापासून त्यांना कालचं जेवण आठवत नव्हतं आणि चाळीस वर्षांपूर्वीचं विसरता येत नव्हतं. त्यांनी दारातल्या कचऱ्याच्या डब्यातून एक कागदी कप उचलला, कोनाड्याखाली उकिडवे बसले आणि कप दोन्ही हातांनी वर धरला. वर कोणी नव्हतं. तरी कप जड व्हावा तसे त्यांचे हात हळूहळू खाली आले. मित्रांनो, चहाची धार पडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. आबांनी फुंकर मारली, सावकाश प्यायले आणि कप नळावर धुवून माझ्या शेजारी ठेवला.

"आबा, काय करायलात तुम्ही?"

"हळू बोल, पोरी. धुवून ठिवला न्हाई तर मालक बोलतो."

"आबा, मालक मीच हाय."

आबांनी तिच्याकडं पाहिलं. होती नव्हती ती ओळख त्यांच्या डोळ्यांतून पुसून गेली. ते चटकन खाली बसले, नजर जमिनीला लावली आणि हात वर केले.

"जी मालक. जरा जवळून वता. बोटं भाजत्यात."

एवढं मागायला त्यांना जन्म लागला होता.

धम्मप्रिया आत गेली. किटली घेऊन बाहेर आली आणि त्यांच्यासमोर मातीत बसली. मला खाली घेऊन विसळलं आणि किटलीची चोच माझ्या काठाला टेकवून चहा ओतला. पहिला घोट तिनं घेतला, बाकीचा आबांना दिला. पिऊन झाल्यावर ते धुवायला उठले, तेव्हा तिनं मला त्यांच्या हातून काढून घेतलं आणि स्वतः धुतलं. मोकळ्या हातांचं काय करायचं, ते आबांना कळेना.

त्या दिवशी तिनं गल्ल्यावर उभं राहून, दयानंदच्या देखत, गिऱ्हाइकांना सगळं सांगितलं. दयानंदनं चहा संपवला आणि कागदी कप खिशात घालून तो निघून गेला. भुताला घाबरून गेलेले काहीजण परत आले. भुताला न घाबरलेले काहीजण खरं ऐकून यायचे थांबले. पाटी मात्र अजून जागेवर आहे, आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत धम्मप्रिया केरबा असं नाव आहे. कंपनीच्या नियमात ते बसत नाही.

थंडीत आबा गेले. मी आता गल्ल्याशेजारी सुलटा असतो. सकाळी शटर वर गेलं, की माझ्या तळाशी घोटभर चहा सापडतो. कोमट.

तर मित्रांनो, माझं मागणं फार नाही. मला पुसा, धुवा, हातून फुटलो तरी रागावू नका. फक्त व्हिंटेज म्हणून परत कोनाड्यात उपडा ठेवू नका. सकाळी येणाऱ्याला मग खाली बसून वाट पाहावी लागेल.