मागाच्या खडखडाटात

माझ्या थोरल्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षीच्या वसंतातला तो शनिवार. घरात आम्ही दोनच माणसं, मी आणि माझे धाकटे दीर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. भाऊजी कापडगिरणीत मागावर होते. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहिले. घर आम्हा दोघांच्या नावावर होतं.

त्या आठवड्यात एक माणूस टेप घेऊन आला आणि खोल्या मोजून गेला. तुमच्या मुलानं पाठवलंय, म्हणाला. मी ओट्यापाशी उभी होते, भाऊजी पाठमोरे, खिडकीशी.

"भाऊजी, हे काय चाललंय?"

हूं नाही की चूं नाही.

माझ्या मनात पाल चुकचुकली. रविवारी मुलाचा फोन त्यांनीच घेतला होता. नुसतं "हो, हो, चालेल, कर तू" चाललं होतं. घर विकून मला आपल्या फ्लॅटमध्ये न्यायचं मुलाच्या मनात कधीपासून होतं. माझा पाय त्या घरातून निघत नव्हता. आणि आता काकाच पुतण्याला फितूर झाला, असं मी धरून चालले.

एकदा संशय शिरला की सगळ्यालाच त्याचा वास येतो. टीव्हीवर फुटबॉलची मॅच लागली की भाऊजी आवाज बंद करायचे. "त्या बडबड्यांचं कोण ऐकणार," म्हणायचे. मला वाटायला लागलं, हा माणूस आवाज बंद ठेवून माझं मुलीशी फोनवरचं बोलणं ऐकतो आणि तिकडे पोचवतो.

शनिवारी सकाळी मुलगा दारात हजर. वर्षभर तोंड न दाखवणारा, गुळगुळीत दाढी करून.

"चला, काकांची गिरणी बघायला. आता तिथं संग्रहालय झालंय. संध्याकाळी फायनल इथंच बघू."

"आज बरी आईची आठवण झाली," मी म्हणाले.

"आई, तू पण ना."

गाडीत ते दोघे पुढे, मी मागे. "भाऊजी, कुठं टाकताय मला ते तरी सांगा," मी म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही. मुलाने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

गिरणीच्या भिंतींना नवा चुना लावला होता. माहिती सांगणाऱ्या मुलीने सगळ्यांना कानांवर हात ठेवायला सांगितलं आणि एक माग चालू केला. असा खडखडाट, की माझं मलाच ऐकू येईना. भाऊजी पलीकडच्या बाजूला उभे होते. या आवाजात कोण ऐकतंय, म्हणून मी मन मोकळं केलं. "लबाड माणूस. भावाच्या घराचं मीठ खाल्लं आणि हे केलं."

माग थांबला. त्या शांततेत भाऊजींचा आवाज घुमला, "लबाड कोण, वहिनी? आणि मीठ कुणाचं काढता?"

सगळे वळून आमच्याकडे बघायला लागले. माहिती सांगणारी मुलगी हसली. मागावरची माणसं आवाजामुळे एकमेकांचे ओठ वाचायला शिकायची, म्हणाली.

लोक पुढच्या दालनात गेले, मुलगाही त्यांच्यात गेला. भाऊजी माझ्याकडे पाठ करून मागावरून हात फिरवत होते.

"भाऊजी." उत्तर नाही. "अहो भाऊजी." नाहीच.

मी बाही ओढून त्यांना माझ्याकडे वळवलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"कान गेले ते."

त्यांनी आधी मुलगा कुठे आहे ते बघितलं. "हळू बोला, वहिनी."

"हळू काय नि जोरात काय, तुम्हाला सारखंच."

ते हसले, पण तेवढ्यापुरतंच. "त्याला कळलं तर उद्या आपल्या दोघांची गाठोडी बांधेल."

"मग फोनवर त्याला घर विकायला हो कसं म्हणालात?"

त्यांचा चेहरा उतरला. "घर? फोनचा दिवा लुकलुकला की उचलतो आणि आपला हो म्हणतो. हो म्हटलं की माणसं लवकर फोन ठेवतात."

संध्याकाळी मॅच सुरू झाली. चहा पिता पिता मुलाने विषय काढलाच.

"आई, सोमवारी गिऱ्हाईक येतंय. काका हो म्हणालेत."

खरं सांगावं, तर बहिऱ्या काकांना आणि म्हाताऱ्या आईला एकटं ठेवणार नाही म्हणून तो हटून बसला असता. न सांगावं, तर तो होकार तसाच उभा.

"मीच त्यांना हो म्हणायला लावलं होतं," मी म्हणाले. "आता मी नाही म्हणते."

"हे काय? काल एक, आज एक?"

"वय झालं बाबा. चालायचंच."

"काका, तुम्ही तरी बोला."

काकांचे डोळे टीव्हीला चिकटलेले. मी उठले आणि टीव्हीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"भाऊजी, घर विकायचं का, विचारतोय हा."

"मी जिवंत असेपर्यंत नाही. आणि बाजूला व्हा, कॉर्नर आहे."

मुलगा आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. त्याला संशय आला होता, पण कशाचा, ते त्याचं त्यालाच कळेना. सोमवारी गिऱ्हाईक आलं नाही. तिथून पुढे घरातला प्रत्येक फोन मी घेतला.

भाऊजी त्यानंतर तिसऱ्या वर्षी, थंडीच्या सुरुवातीला, त्याच घरात वारले.