पाय न टेकवता

चंदाचं लग्न शेंदूरजनाघाटच्या संत्रेवाल्यांकडं झालं, ते साल दोन हजार सहा. नांदगाव खंडेश्वरजवळच्या आमच्या गावचा तलाव तेव्हा एवढा होता की त्याला वळसा घालता घालता वऱ्हाडाच्या गाड्यांनी मुहूर्त चुकवला, आणि चंदाचे वडील नत्थुजी मांडवात घामाघूम होऊन बसले.

गावची रीत अशी. गोकुळाष्टमीला मातीचा कान्होबा बसवायचा. दुसऱ्या दिवशी त्याला टोपलीत घालून, टोपली डोक्यावर बांधून, एकानं तलाव पोहून जायचा आणि पैलतीराला देव बुडवायचा. मधे पाय तळाला टेकला की मान गेला, पुढच्या वर्षी दुसऱ्या घरचा माणूस. हा मान नत्थुजींकडं बापापासून चालत आलेला. पोरीपेक्षा तो त्यांना जास्त लाडका, असं त्यांची बायको दुर्गाबाई चारचौघांत सांगायची.

लग्नाच्या वर्षी नत्थुजी पैलतीरी पोचले तेव्हा दोघांनी धरून बसवावं लागलं होतं. पुढं दरवर्षी ते लवकर पोचू लागले. साठी ओलांडली तसे आणखीच लवकर.

"पोरं हापून राह्यले अन् मले दमबी लागत नाई," ते पारावर सांगत. "सारी आंबाडीच्या भाजीची करामत."

"आंबाडी त मीबी खातो," दुर्गाबाई म्हणायची. "मी कुठं पोरगी झाली?"

खरं तर आंबाडी आपल्या जागी होती, तलावच जागेवर नव्हता. वावरांतला गाळ दर पावसाळ्यात आत यायचा, आणि काठचे शेतकरी दर उन्हाळ्यात आपापला धुरा, म्हणजे शेताचा बांध, थोडा थोडा पाण्याकडं सरकवायचे. सगळ्यांत पुढं नत्थुजींचा धुरा. पण धुरा सरकवणारे नत्थुजी उन्हाळ्यातले आणि पोहणारे श्रावणातले. दोघांची गाठ कधी पडली नाही.

दोन हजार तेवीस साली पाणी गुडघ्यावर आलं. अख्खं गाव काठाला जमलं. श्याम, म्हणजे नत्थुजींच्या धाकट्या भावाचा मुलगा, मान आता आपल्याच घरी येणार म्हणून धामणगाव रेल्वेहून नवी चड्डी घेऊन आला होता.

"मोठेबाबा, गुडघाभर पाण्यात पोहता कसे?"

"पोहणाऱ्याले पुरते बावा. तुले समुद्रबी कमी पडन."

पूजा सांगणारे गोपाळकृष्ण गुरुजी पंच. त्यांनी चष्मा पुसला. "नत्थुजी, पाय टेकला की मान गेला हं."

"अन् हात?"

गुरुजींनी विचार केला. "हाताबद्दल वाडवडील काही बोललेले नाहीत."

"पोट?"

"पोटाबद्दलही नाही."

झालं. नत्थुजी पालथे पडले, पाय गुडघ्यात वाकवून वर आभाळाकडं केले, आणि हातांनी गाळ ओढत घोरपडीसारखे निघाले.

"गुरुजी, पाय दिसून राह्यले न?"

"स्पष्ट!"

मध्यावर दुर्गाबाईची म्हैस बसली होती. ती बसली की तलावात दुसऱ्या कुणाला वाट उरत नसे. नत्थुजींनी तिला आधी प्रेमानं सांगितलं, मग तिच्या आईवरून सांगितलं. म्हैस रवंथ करत राहिली.

"अवं, तुई म्हैस हटव!"

दुर्गाबाईनं काठावर सरकीच्या ढेपेचं घमेलं वाजवलं. म्हैस उठली, आणि तिच्याबरोबर तलावही उठला. पाणी जे काही वर आलेलं होतं, ते म्हशीच्या अंगानं. ती बाहेर पडताच ते खाली बसलं, आणि नत्थुजी भर तलावात गाळावर उघडे पडले. डोक्यावर देव, पाय वर.

"टेकवा आता, मोठेबाबा! तलाव सरला!"

"तुया बाप टेकवन!" नत्थुजींनी आपल्याच सख्ख्या भावाचा उद्धार केला.

पण पाय थरथरायला लागले. कितीतरी वर्षांनी त्यांना दम लागला. मान वर करून त्यांनी पैलतीर शोधलं, तर समोर पैलतीर नव्हतंच. त्यांचीच कपाशी होती, त्यांच्याच धुऱ्यावर, हातभर उंच.

"आंबाडी नव्हती वं ते," ते हळूच म्हणाले.

तोवर दुर्गाबाई लुगडं खोचून गाळात उतरली होती. तिनं नवऱ्याचे दोन्ही घोटे धरले. "गुरुजी, माये पाय टेकले त चालते न?"

"तुमच्याकडं मान कुठं आहे? टेकवा."

मग तिनं बैल जुंपून डवरा हाकावा तसे नत्थुजी हाकले. "चला! हो! उजवीकडं!" गाव हसून हसून काठावर लोळायचं बाकी राहिलं. देव कोरडा राहू नये म्हणून श्यामनंच धावत जाऊन आपल्या बोअरचा पाईप धुऱ्याशी आणून सोडला. तिथं झालेल्या डबक्यात कान्होबा बुडाला. बुडबुडेही आले.

"पाय टेकले नाहीत," गुरुजींनी निकाल दिला. श्यामनं चड्डी पिशवीत ठेवली.

पुढच्या उन्हाळ्यात नत्थुजींनी आपला धुरा मागं घेतला. एकट्यानंच. शेजाऱ्यानं ती मोकळी जागा त्याच आठवड्यात नांगरली.

तलाव दोन हजार चोवीसच्या चैत्रात आटून गेला. नत्थुजी त्याच साली आखाडात, सकाळचा चहा घेऊन, घरी वारले.