दोन डावे बूट

"आपली बॅग म्हणजे बॅग असते," शिडी म्हणाला. "अकरा मिनिटांत भरतो. सोळा वर्षांत चौदा क्लब फिरलो, पण मागे एक मोजा राहिला असेल तर नाव बदलीन."

हे त्या ताडमाड बास्केटबॉलपटूने पंधराव्या क्लबच्या ड्रेसिंग रूममध्ये सामानवाल्या काकांना ऐकवलं आणि ऐटीत बॅगेची चेन ओढली. वर बूट होते. दोन. दोन्ही डाव्या पायाचे.

काकांनी एकेक बूट उचलून उजेडात धरला. तीस वर्षं ते क्लबचे कपडे धूत होते, बॉलमध्ये हवा भरत होते आणि खेळाडूंचे गुडघे चोळत होते, त्यामुळे त्यांना कशाचंच आश्चर्य वाटत नसे.

"छान आहेत," ते म्हणाले. "यांचे उजवे मागच्या गाडीने येतायत का?"

शिडीकडे सारख्याच बुटांच्या दोन जोड्या होत्या. चौदाव्या क्लबने दिलेल्या खोलीत पलंगाखाली त्या ओळीने ठेवलेल्या, आणि अकरा मिनिटांतल्या कुठल्या तरी मिनिटाला त्याने हात घालून दोन ओढले होते. त्याने तिथल्या नव्या भाडेकरूला फोन लावला.

"हो, होते ना," भाडेकरू म्हणाला. "एवढे मोठे, आणि दोन्ही एकाच पायाचे! माझी बायको घाबरली हो. आम्ही ते लांब नेऊन टाकले."

एक्कावन्न नंबरचा बूट दुकानात मिळत नाही. तो मागवावा लागतो आणि यायला तीन आठवडे लागतात. सामना परवावर होता.

शिडीला तसं बूट नसल्याचं दुःख नवीन नव्हतं. एका क्लबने त्याला चपला घालून फोटोला उभं केलं होतं. सगळे क्लब त्याला मालकाच्या धंद्यावरूनच आठवायचे: टायरवाले, पाइपवाले, कुत्र्याच्या बिस्किटवाले, गादीवाले. गादीवाल्यांनी तर त्याला जाहिरातीसाठी मॉलमध्ये दिवसभर गादीवर झोपवलं, आणि लोक येऊन त्याचे बाहेर आलेले पाय मोजून गेले. आताचे होते फवारेवाले. झुरळं मारायचा फवारा बनवायचे. क्लबच्या जर्सीवर पाय वर करून उताणं पडलेलं झुरळ होतं. सामन्याच्या मधल्या सुट्टीत झुरळाचा पोशाख घातलेला एक माणूस मैदानात धावायचा आणि शाळकरी पोरं त्याला रबरी चपलांनी बडवायची. तेवढा एकच कार्यक्रम बघायला लोक यायचे.

आणि शिडीला किळस फार. सोळा वर्षं लोकांच्या घामात काढली, पण सवय झाली नाही, उलट वाढत गेली. क्लबने दिलेल्या फ्लॅटमध्ये शिरल्यावर त्याने आधी बेसिनची जाळी उचलली. तिच्याखालून आधीच्या खेळाडूचे केस निघाले. लांबलचक, बुळबुळीत, ओढावेत तेवढे येतच राहिले. मग सोफ्याच्या फटीत नखं सापडली. कापून, गोळा करून, नीट कोपऱ्यात सारलेली. "अरे, निदान टाकून तरी द्यायची!" तो रिकाम्या खोलीत ओरडला. रात्री तो सोफ्यावर नाही, पलंगावर नाही, स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून झोपला.

असल्या क्लबाला तो एरवी हो म्हणाला नसता. अडतिसावं चालू होतं, गुडघे दार उघडल्यासारखे वाजत होते. पण हंगाम संपताना फवारेवाल्यांचा उंच खेळाडू जिन्यावरून पडला आणि उरलेल्या तीन सामन्यांसाठी त्यांना कुणीतरी लांब माणूस हवा होता. त्यातला घरच्या मैदानावरचा सामना एकच, शनिवारी दुपारी. आणि ते मैदान शिडीच्या बायकोच्या माहेरापासून दोन तासांवर होतं.

तिथेच राहणारी त्याची मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणायचे, नऊ वर्षांची झाली होती आणि तिने बापाला खेळताना एकदाही पाहिलं नव्हतं. तीनदा आणली होती तिला. एकदा त्याचा पाय मुरगळलेला, एकदा कोचशी भांडण झालेलं, एकदा क्लबच बंद पडलेला. तिन्ही वेळा तिने बाकावर बसलेला बाबा पाहिला.

"बाबा, सोमवारी वर्गात मला तुझ्यावर बोलायचंय," ती फोनवर म्हणाली होती. "पण माझी मैत्रीण म्हणते, तुझा बाबा खेळाडू नाहीच. तो नुसता उंच आहे."

"तिला सांग, शनिवारी ये म्हणावं बघायला."

"ती नाही येणार. मी बघून तिला सांगणार. पण बघितलं तरच सांगणार हां. खोटं नाही बोलणार मी."

मग फोन मामाने घेतला. "भावोजी, या खेपेला कुठले? टायर की गादी?"

"झुरळ."

"चढता आलेख आहे तुमचा. पोरीला आणतो, पण खेळा बाबा या वेळी. परत येताना दोन तास गाडीत रडते ती, आणि गाडी मला चालवायची असते."

म्हणजे बूट हवेच होते.

"एक जोडी आहे," शुक्रवारी काका म्हणाले. "पाच वर्षांपूर्वी आपल्याकडे एक उंच खेळाडू होता, टॉवर म्हणायचे त्याला. एका सकाळी कुणाला न सांगता पळाला, सामान इथेच. पण बघून घ्या. मी काही म्हणणार नाही."

गोदामातल्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, गळक्या नळाच्या खाली, ते बूट होते. एक्कावन्नचेच. पांढरे असावेत कधीतरी. आता त्यांच्यावर हिरवी लव आली होती, जुन्या लोणच्यावर येते तशी. आत टॉवरचे मोजे तसेच होते. काकांनी चिमट्याने एक ओढला. तो मोज्याच्या आकारातच बाहेर आला आणि टेबलावर उभा राहिला.

शिडी बाहेर जाऊन ओकला. तोंड धुऊन परत आला.

"उजवा तेवढा द्या," तो म्हणाला. "डावा माझा घालतो."

"जमणार नाही. यांची टाच जाड आहे. एक पाय वर, एक खाली, लंगडत धावाल. तुमच्या गुडघ्याचं मीच बघतोय ना."

शिडीने आपला डावा आणि टॉवरचा उजवा घालून दोन उड्या मारल्या. दुसऱ्या उडीला गुडघ्यातून असा आवाज आला की काकांनी आधी दाराकडे पाहिलं. मग त्याने टॉवरचे दोन्ही घेतले. मोजे त्याने दोन बोटांत धरून प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबले, पिशवी बॅगेत टाकली आणि वाटेत कचराकुंडीत फेकायची असं ठरवून साफ विसरला.

बॅगेत चौदा क्लबांच्या चौदा जर्स्या होत्या. सगळ्यांवर नंबर चौदाच. जिथे जाईल तिथे तो हाच नंबर मागायचा. सामना संपला की त्या चिमणीला द्यायच्या होत्या. वर्गात एकेक उलगडून दाखव म्हणायचं.

शनिवारी सामन्याला अर्धा तास असताना त्याने बूट हातात घेतले आणि लगेच खाली ठेवले.

"थांबा," काका म्हणाले. "आपल्याकडे औषध आहे की." त्यांनी क्लबचाच फवारा आणला, दोन्ही बुटांत नळी घातली आणि ज्या उत्साहाने फुसफुसवला, त्याने अख्खी खोली पांढरी झाली. बाकीचे खेळाडू शिव्या देत बाहेर पळाले. शिडीला पळता येत नव्हतं, तो अर्धा उघडा होता. डोळे घट्ट मिटून, नाक दाबून, त्याने एका हाताने बॅगेत चाचपलं, जर्सी ओढली, अंगात घातली, वर सरावाचं जॅकेट चढवलं आणि बूट घालून बाहेर आला. बुटांना आता बुरशीचा आणि फवाऱ्याचा असा दुहेरी वास येत होता.

बाकावर तो बसला तसे शेजारचे तिघे एक जागा सरकले. मग आणखी एक.

चिमणी चौथ्या रांगेत होती. तिने दोन्ही हात हलवले. शिडीने हलवले. समोरचा संघ कुठला हे त्याने पाहिलंही नव्हतं. सोळा वर्षांनंतर सगळे संघ सारखेच दिसतात. ते गादीवाले होते.

पहिला क्वार्टर गेला, दुसरा गेला. कोच त्याच्याकडे बघायचा, नाकाला हात लावायचा आणि दुसऱ्याला आत पाठवायचा. मधल्या सुट्टीत झुरळ येऊन मार खाऊन गेलं. चिमणी कठड्याशी आली.

"बाबा, ते झुरळसुद्धा आत जाऊन आलं," ती म्हणाली. "तू कधी जाणार?"

"जातोच आता."

"आणि कसला वास येतोय?"

"खेळाचा," शिडी म्हणाला.

शेवटच्या क्वार्टरमध्ये सहा मिनिटं उरली, फवारेवाले सव्वीस पॉइंटांनी मागे पडले, एकाचा घोटा गेला, आणि कोच नाक दाबून म्हणाला, "जा."

शिडी उठला. वरून चिमणीची किंचाळी आली, "माझा बाबा!" तो कडेच्या रेषेपाशी जाऊन उभा राहिला. नेमका त्याच वेळी उजव्या बुटातून मिशा बाहेर आल्या. मागोमाग झुरळ. चांगलं धष्टपुष्ट. फवाऱ्याच्या अर्ध्या बाटलीत न्हाऊन निघालेलं, आणि ठणठणीत. ते आरामात उतरलं आणि पहिल्या रांगेकडे निघालं. पहिल्या रांगेत क्लबचे मालक बसले होते, शेजारी त्यांचे तीन मोठे व्यापारी.

व्यापाऱ्यांनी झुरळाकडे पाहिलं. मग मालकाकडे.

"ते आपलं नाही," मालक म्हणाले आणि उठले. झुरळ कुठून आलं हे बघायला ते वाकले, बुटांपाशी जाऊन नाक मुरडत सरळ झाले, आणि तेवढ्यात शिडीने जॅकेट काढलं. जर्सी पांढरी होती, नंबर चौदा होता. पण छातीवर उताणं झुरळ नव्हतं. छातीवर गादी होती.

"ही कुणाची जर्सी?" मालक ओरडले.

"आमची!" गादीवाल्यांच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. "अरे, हा तर आपला झोपणारा!"

त्यांचे दीडशे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. रेफरी आला, शिडीच्या छातीकडे पाहिलं, पाठीकडे पाहिलं.

"साहेब, तुम्ही नक्की कुणाकडून आहात?"

"यांच्याकडून."

"मग यांचे कपडे घालून या."

शिडी धावत ड्रेसिंग रूमकडे सुटला. मागून पावलं आली. चिमणी होती, मामाच्या हातून निसटून जिना उतरून आली होती.

"बाबा, मी शोधते! तू थकलायस!"

तो भिंतीला टेकून धापा टाकत होता. चिमणीने बॅगेत खांद्यापर्यंत डोकं घातलं आणि जर्स्या चिवडायला सुरुवात केली. "टायर. ही कुत्रा. ही पाइप. बाबा, तू किती ठिकाणी होतास?"

"झुरळ बघ, झुरळ!"

"इथे एक पिशवी आहे—"

"ती सोड!"

पण पिशवी फाटली होती. चिमणीने नाक दाबलं. मग तळातून तिने एक हात वर केला, हातात झुरळाची जर्सी होती. शिडीने गादीची जर्सी काढून बॅगेत फेकली आणि ही डोक्यातून ओढली.

"पळ वर, मामाजवळ बस. मी आता आत जातोय."

"तू हो पुढे," चिमणी बॅगेतूनच म्हणाली. आवाज जरा बसका होता. "मी आलेच."

तो बाहेर आला तेव्हा अकरा सेकंद उरले होते. कोचने त्याला आत ढकललं, कारण आता काही फरक पडत नव्हता. बॉल कुणालाच नको होता. तो फिरत फिरत शिडीकडे आला. गादीवाल्यांचा खेळाडू त्याला अडवायला पुढे झाला, वास आला आणि मागे हटला. शिडीसमोर सोळा वर्षांत कधी नव्हती एवढी मोकळी जागा झाली. त्याने लांबून, अर्ध्या मैदानाच्या जरा पुढून, बॉल सोडला. बॉल उंच गेला, सावकाश खाली आला आणि रिंगला न शिवता जाळीतून पडला. तीन पॉइंट. भोंगा वाजला. गादीवाल्यांचे प्रेक्षकसुद्धा उठून उभे राहिले. "झोपणारा! झोपणारा!" असा गजर झाला.

शिडीने चौथ्या रांगेकडे पाहिलं. तिथे मामा होता, मोबाईल धरून. शेजारची खुर्ची रिकामी होती.

"शूटिंग केलं का?" शिडीने खालूनच विचारलं.

"केलं, भावोजी! सगळं केलं!"

मामाने अख्खे अकरा सेकंद घेतले होते. त्यात फक्त पोशाखातलं झुरळ आहे, ते पाण्याची बाटली उघडायचा प्रयत्न करतंय.

चिमणी ड्रेसिंग रूममध्ये होती. टॉवरच्या मोज्यांमुळे तिला उलटी झाली होती. बाथरूम कुठे आहे ते माहीत नसल्यामुळे तिने ती बॅगेत केली, चौदा क्लबांच्या जर्स्यांवर आणि दोन डाव्या बुटांत.