पाच नंबरची गाडी

स्वतःचा जावई हाताखाली कामाला असणं किती अवघड असतं, ते मामांना विचारावं. बाकीच्या ड्रायव्हरांवर ते खुशाल ओरडायचे, "ए, गाडी मागे घे!" आणि जावयापाशी आले की आवाज एकदम खाली. "अहो, जरा मागे घेता का?" अख्खं आवार हसायचं. जावई त्यांना मामा म्हणायचा म्हणून साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे मामाच म्हणू लागले, आणि हेड ड्रायव्हर हे पद नुसतं कागदावर उरलं.

संस्था मोठी, देशोदेशी पसरलेली. युद्धातून पळून आलेल्यांची छावणी शहरापासून पाऊण तासावर होती. तिथलं पाणी, दवाखाना, शाळा, धान्यवाटप सगळं हीच संस्था बघायची. काम सोन्यासारखं. पण रोज सकाळी साडेसातला फाटकातून पाच पांढऱ्या जीप एकामागून एक निघत, प्रत्येकीत मागे एकच अधिकारी, आणि पाचही जणी एकाच रस्त्याने एकाच छावणीला जात. तिथे पोचलं की ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून, एसी लावून दिवसभर घोरत. गाडी सोडून जायचं नाही, असा नियमच होता. एवढा थाट मंत्र्यालाही परवडला नसता.

मग मुख्यालयातून पत्र आलं. हवामान बिघडतंय, त्यामुळे लोकांवर संकटं येतायत, आणि त्या लोकांना मदत करणाऱ्यांनीच इतका धूर सोडावा हे शोभत नाही. तेव्हा प्रत्येक कार्यालयाने इंधन वर्षभरात निम्म्यावर आणावं. कार्यालयाच्या प्रमुख बाईंनी मामांना बोलावून घेतलं.

"मामा, मला जाडजूड अहवाल नकोय. रस्ता तुमच्या पायाखालचा आहे. तुम्हीच सांगा काय करायचं."

काय करायचं ते मामांना सहा वर्षांपासून माहीत होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना एकदम नेणारी बारा जणांची एक व्हॅन आणि अडीनडीला एक जीप. झालं! कागदावर मांडायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मांडून झाल्यावर मात्र त्यांनी ड्रायव्हर मोजले. दोन गाड्यांना तीन ड्रायव्हर पुरतात. मामांसकट पाच जणांतला एक म्हातारा पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होता. म्हणजे एक जण जास्तीचा. आणि सगळ्यांत शेवटी नोकरीला लागलेला कोण, तर पाच नंबरच्या गाडीवरचा जावई.

संध्याकाळी त्यांनी हे घरी सांगितलं आणि मामींनी भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवली.

"पोरीला सातवा महिना चाललाय. आणि तुम्ही तिच्या नवऱ्याची नोकरी घालवणार? स्वतःच्या हातांनी?"

"अगं, हिशेबच तसा निघतोय."

"मग हिशेब बदला."

मामांनी बदलला. दुसऱ्या दिवशी कागदावर आणखी एक ओळ आली : पाच नंबरची गाडी, राखीव. आयुष्यात कधी लिटरभर डिझेल इकडचं तिकडे न केलेला माणूस, पण ही ओळ लिहिताना त्यांनी दोनदा मागे वळून कुणी बघत नाही ना याची खात्री केली. लाज वाटत होती, खोटं कशाला बोला.

सहीआधी सगळ्यांनी बघावा म्हणून कागद फळ्यावर लागला आणि जावई त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला.

"मामा, ही राखीव गाडी कशाला?"

"असू द्या हो. लागली तर?"

"रोज दोनच गाड्या जाणार. तिसरी कधी लागणार?"

मामांनी हवा बघायच्या निमित्ताने टायरला लाथ मारली आणि विषय तिथेच संपवला. जावई आपली गाडी पुसायला निघून गेला. त्याने आणखी खोदून विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मामांना दिवसभर वाटत राहिलं.

पंधरा दिवसांनी भाड्याच्या व्हॅनची चाचणीची पहिली फेरी निघाली. मामा चालवायला, शेजारी प्रमुख बाई, मागे सगळे अधिकारी. पाण्याचे इंजिनियर आणि दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई यांच्यात दोन वर्षं विस्तव जात नव्हता, कुठल्याशा पत्र्याच्या खोलीवरून. नेमके तेच दोघे एका बाकावर आले. पहिली वीस मिनिटं दोघांनी दोन बाजूंच्या खिडक्यांतून बाहेर बघितलं. मग रस्त्यावर मोठा खड्डा आला, दोघं एकमेकांवर आदळले आणि बोलणं भागच पडलं.

"आमच्या पंपाचा जनरेटर हल्ली डिझेल पितो नुसतं," इंजिनियर काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"आमचा तर दिवसभर चालतो. अर्धी वीज लागतसुद्धा नाही."

"कुठे ठेवलाय तुमचा?"

"तुमच्या पंपाच्या भिंतीपलीकडे."

"पलीकडे? तो आवाज तुमचा? मला वाटायचं आमचाच घुमतोय!"

"आणि मी समजत होते, आमचाच!"

तीन वर्षं एकाच भिंतीला पाठ लावून दोन जनरेटर धडधडत होते. सगळी व्हॅन खो खो हसत सुटली. छावणीचं फाटक दिसेपर्यंत एक जनरेटर बंद करायचं ठरूनसुद्धा गेलं.

"मामा, जे दहा बैठकांत जमलं नाही ते तुमच्या एका फेरीने केलं," प्रमुख बाई म्हणाल्या. "तुमच्या कागदावर डोळे मिटून सही करते. ती राखीव गाडी तेवढी मला कळली नाही, पण तुम्ही म्हणताय म्हणजे लागत असेल."

मामांनी व्हॅन रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवली. आणि इंजिन बंद केलं.

"नाही लागत, बाई. ती मी जावयासाठी घातली. त्याची नोकरी जाऊ नये म्हणून. खोडून टाका."

मामांचे कान तापले होते, पण छातीवरचा दगड उतरल्यासारखंही वाटत होतं.

"पाच नंबरवाला तुमचा जावई?" डॉक्टरीणबाईंनी मागून मान पुढे काढली. "अहो, आमच्या बाळंतपणाच्या खोलीतले सौर दिवे त्यानेच बसवले. बॅटरी बिघडली की मी त्यालाच शोधायला माणूस पाठवते. इंजिन बंद करून निघालेला असतो, गाडीत तर तो कधी सापडतच नाही."

पाच नंबरची गाडी सगळ्यांत कमी डिझेल का खाते, हे मामांना तेव्हा समजलं. ते इतके दिवस ॲक्सिलरेटरवरच्या जावयाच्या हलक्या पायाचं कौतुक करत होते.

इंजिनियर तर जागेवरून उठलेच. "सौर पंपाचं सामान चार महिने माझ्या कोठारात पेट्यांत पडलंय! बसवायला परदेशातून तज्ज्ञ विमानाने येणार, आणि त्याचा व्हिसा अडकलाय. मला इथलाच माणूस द्या, कायमचा. शिकवायला मी आहे की!"

"पण मामा," प्रमुख बाई चेहरा गंभीर ठेवून म्हणाल्या, "गाडी सोडून जायचं नाही, असा नियम आहे ना?"

"आहे ना! आणि नियम मोडणारा ड्रायव्हर मी एक दिवससुद्धा ठेवत नाही. आजच घेऊन जा त्याला."

संध्याकाळी मामा मिशीत हसत घरी आले. लेक चार दिवस माहेरी आलेली होती. "जावईबापूंना गाडीवरून काढलं मी," त्यांनी मुद्दाम जाहीर केलं, मामींचा चेहरा पडेपर्यंत थांबले, आणि मग सगळी हकिगत मीठमसाला लावून सांगितली.

लेक आधी हसली आणि मग तिचे डोळे भरून आले.

"बाबा, दोन वर्षं झाली, त्यांचा जीव गाडीत रमत नाही. मागे पंपाकडे जागा निघाली तेव्हा अर्जसुद्धा लिहिला होता त्यांनी."

"मग दिला का नाही?"

"गाडी तुम्ही शिकवलीत त्यांना. सोडली तर तुम्हाला वाईट वाटेल म्हणाले."

मामा मटकन खुर्चीत बसले. जी नोकरी वाचवायला आपण पंधरा दिवस खोटं वागलो, ती हा माणूस दोन वर्षं केवळ आपल्यासाठी ओढत होता! त्यांना हसू आवरेना.

"अगं, पण मला सांगायचं की नाही त्यांनी?"

"आणि राखीव गाडी कशाला, ते त्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत?"

मामा उठले, पायांत चपला सरकवल्या आणि दोन गल्ल्या पलीकडे जावयाच्या घराकडे झपाझप चालत निघाले.