ओझेलाच्या पायाशी येणारा वारा

या, असे जवळ सरकून बसा. पाण्याचा तांब्या मध्ये ठेवा आणि पाय सैल सोडा, कारण ही गोष्ट पायांचीच आहे. म्हणायला ती एका जुन्या ट्रकची, पण खरी गोष्ट आहे वाऱ्याच्या एका झुळकेची. ही झुळूक पस्तीस वर्षं एका बाईच्या पायाशी येत राहिली, आणि ती कोण पाठवतंय हे तिला इतकी वर्षं कळलं नाही. कळलं ते कसं, ते सांगायचं कबूल करून सुरुवात करतो.

बाईचं नाव ओझेला टार्व्हर. टेक्ससातल्या सीडर फोर्क गावची, वय त्र्याहत्तर. तिचा नवरा लेम्युएल चर्चचा डीकन, म्हणजे भजन-प्रार्थना चालवणारा सेवेकरी होता. भजनाची एकेक ओळ आधी त्याने खड्या आवाजात सांगायची आणि मग सगळ्या मंडळींनी ती लांबवत, घोळवत म्हणायची, अशी तिथली जुनी रीत. तो जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याच्या मागे दोन गोष्टी उरल्या होत्या. एक त्याचा एकाहत्तर सालचा हिरवा पिकअप ट्रक आणि दुसरी त्याची धाकटी बहीण व्हर्निस. ट्रक चालवायची ती व्हर्निस, आणि जगात कुणालाही बोलणी ऐकवायची तीही व्हर्निसच.

ओझेलाला नसांचा आजार होता. अंगात उष्णता वाढली की तिच्या नसांतला निरोप वाटेतच विरून जायचा. डोळ्यांपुढे धुकं यायचं, पाय ओल्या कापडासारखे व्हायचे. गारव्यात तासभर पडलं की सगळं परत जागेवर. एरवी तिने त्याची कधी कुरकुर केली नाही. पण ऑगस्टचा तिसरा रविवार आला की तिचा जीव थाऱ्यावर राहत नसे.

त्या रविवारी नव्वद मैलांवरच्या तिच्या माहेरच्या चर्चमध्ये दूरदूर गेलेली सगळी लेकरं परत येतात. आणि त्या दिवशी प्रवचन असतं रेव्हरंड आयसम गॅडिस यांचं. आता हे प्रवचन म्हणजे काय, तर आधी साधं बोलणं. बोलता बोलता शब्दाला सूर लागतो, सुराला ताल धरतो, खालून मंडळी "हो, सांगा, सांगा" म्हणत साथ देतात, ऑर्गन मागोमाग चालू लागतो, आणि शेवटचा अर्धा तास नुसतं गाणं. आपल्याकडच्या कीर्तनाचा उत्तररंग ज्याने डोळे मिटून ऐकलाय, त्याला वेगळं सांगायला नको.

आदल्या वर्षी ओझेला निघाली होती. चाळीस मैलांवरच त्या पत्र्याच्या केबिनची भट्टी झाली. तिला रस्ता दिसेना, मग व्हर्निस दिसेना. व्हर्निसने एका पेट्रोल पंपावर ट्रक घातला आणि वहिनीला बर्फाच्या पेटीला टेकवून बसवलं. तिथूनच दोघी घरी परतल्या. प्रवचन नंतर फोनवर ऐकलं, पण ते ऐकणं म्हणजे पंगतीचा फोटो बघण्यासारखं. आणि यंदा रेव्हरंडना एक्क्याण्णवावं लागलं होतं. त्यांनी निरोप धाडला होता, "यंदाचं शेवटचं. पुढे मी ऐकायला बसणार."

भाचा ड्यूरेल म्हणाला, "मावशी, माझ्या गाडीतून चल की. एसी आहे."

पण ड्यूरेल म्हणजे प्रवचनाला सूर लागायच्या सुमाराला घड्याळ बघणारा माणूस. तळलेल्या कोंबडीची ताटं वाढायच्या आत हा गाडी बाहेर काढून उभा.

"तुझ्याबरोबर यायचं म्हणजे मी दारातून दर्शन घेऊन परत यायचं," ओझेला म्हणाली. "त्यापेक्षा ट्रकच गार करते."

गावात ट्रक गार करणारा एकच, टॅल्मज बॉइकिन. चर्चमध्ये खर्जात गाणारा, अंगाने दांडगा, घरामागेच त्याचं गॅरेज. त्याने ट्रकच्या छपरावर तळहात टेकवला आणि झटकन उचलला.

"काकू, हा ट्रक नाही, तवा आहे."

"मग तवा गार कर. रविवारपर्यंत वेळ आहे."

"समोरच्या फळीखाली एसीची पेटी दिसतेय जुनी."

"दादाने बसवली होती," व्हर्निस म्हणाली. "बारा वर्षं झाली बंद पडून. आता त्यात कोळ्यांचं बिऱ्हाड आहे. त्यांना नोटीस दे आधी."

सोमवारी टॅल्मजने आतलं बाकडं काढलं, खालचा रबरी गालिचा गुंडाळला. खाली नुसता पत्रा. एका बाजूला इंजिन, दुसऱ्या बाजूला सूर्य, आणि मध्ये माणूस, आड काही नाही. "नुसता एसी बसवून काही होणार नाही," तो म्हणाला. "आधी धग अडवायला हवी." मग दोन दिवस तो काळ्या चिकट चादरी कापत राहिला, पत्र्यावर लावून छोट्या लाटण्याने दाबत राहिला. त्यावर फोमचा थर. छपराला आणि इंजिनाकडच्या भिंतीला चकचकीत चंदेरी अस्तर. दारांच्या आतूनही थर दिले, पण तळाची भोकं तेवढी मोकळी सोडली.

"ती का सोडलीस? कंटाळा आला?" व्हर्निसने विचारलं.

"पाणी निथळायला, आत्या. ती बुजवली तर दार आतून कुजेल."

ओझेला रोज पंख्याखाली खुर्ची टाकून, मानेवर ओला रुमाल ठेवून बघत बसायची. बुधवारी नवा कॉम्प्रेसर बसला, पुढे मोठी जाळी बसली, नव्या नळ्या आल्या. गुरुवारी टॅल्मजने नळ्यांना पंप जोडला आणि आतलं सगळं ओढून काढायला लागला.

"भरतोयस की काढतोयस?"

"काढतोय. हवा नको, ओल तर मुळीच नको. एक थेंब राहिला तरी आत बर्फ होऊन वाट अडवतो." सुई खाली गेली आणि थांबली. "आता तासभर ही हलता कामा नये."

ओझेला तासभर त्या सुईकडे बघत राहिली, प्रार्थनेला बसल्यासारखी. सुई हलली नाही.

"आता गारवा भर."

"गारवा भरत नसतात, काकू. या यंत्राला गारवा करता येत नाही. ते फक्त आतली उष्णता उचलतं आणि बाहेर नेऊन टाकतं. ती गेली की जे उरतं, त्याला आपण गारवा म्हणतो."

ओझेलाने मानेवरचा रुमाल सारखा केला. मग म्हणाली, "म्हणजे तो आधीपासून तिथेच असतो. वन्सं, ऐकलंत का हे?"

"ऐकलं. आता हा प्रवचनही करणार. थोड्या वेळाने ऑर्गन मागेल."

शुक्रवारी दुपारी पारा एकशे पाच फॅरनहाइटवर होता. ज्या आकड्याला माणसाला दवाखान्यात नेतात, तो तिथे हवेचा रोजचा. टॅल्मजने ट्रक चालू केला. एसीच्या तोंडाशी थर्मामीटर धरला, तर फ्रिजमधल्या दुधाइतकी गार हवा. दारं लावून तो वीस मिनिटं बाहेर थांबला. मग बाकड्यावर ठेवलेला दुसरा थर्मामीटर बघितला. नव्वद.

त्याने हीटरची गरम पाण्याची वाट तपासली. बंद होती. दारांच्या कडांचे रबर चाचपले. घट्ट होते. पुन्हा वीस मिनिटं. पुन्हा नव्वद. टॅल्मज एका उलट्या खोक्यावर बसला आणि हात पुसत राहिला. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिला.

"काकू, सगळं बरोबर आहे," तो म्हणाला, "आणि गार होत नाहीये. नव्वद मैल या उष्म्यात मी तुम्हाला पाठवणार नाही."

"मला आत बसू दे."

"वहिनी, नको," व्हर्निस म्हणाली. "मागच्या वर्षी तुला उचलताना माझी पाठ गेली ती अजून आलेली नाही."

पण ओझेला काठी टेकत चढली आणि आपल्या जागेवर, उजव्या खिडकीशी बसली. तोंडावर गार हवा. मग तिने बूट काढले. ट्रकमध्ये बसलं की बूट काढायचे, ही तिची कायमची सवय.

"टॅल्मज," ती म्हणाली, "माझ्या पायांना वारा लागतोय."

"वरून उतरत असेल."

"वरचा गार आहे. हा गरम आहे. हा माझा जुना वारा आहे." दोघं बघत राहिले तेव्हा तिने उजव्या पावलाशेजारची लहानशी जाळी दाखवली. "इथून कायम वारा येतो. झडप लावा, उघडा, येतोच. मी लेम्युएलला किती बोलले असेन. म्हटलं, तुझ्या खटाऱ्याला फट आहे. तो म्हणायचा, असू दे, म्हातारा आहे बिचारा."

टॅल्मज ताडकन उठला. बाहेरची हवा आत घेणारी झडप असते त्या जाळीमागे. तिची मूठ आत ढकललेली होती, म्हणून ती बंदच आहे असं धरून त्याने आजूबाजूने फोम चिकटवला होता, आणि आत एकदाही डोकावून बघितलं नव्हतं. त्याने जाळीचे स्क्रू काढले, बॅटरीचा उजेड टाकला, वाकला, आणि तसाच वाकून राहिला.

"काय आहे रे? साप आहे का?" व्हर्निस म्हणाली.

"काकू," टॅल्मज म्हणाला, "तुम्हीच बघा."

झडप सताड उघडी होती. तिच्या खाली एक चपटी लाकडी काडी टेकू म्हणून दिलेली होती, तारेने नीट, दोन-दोन वेढे देऊन बांधलेली. काडी चर्चमधल्या हातपंख्याची होती. तिथे प्रत्येक बाकाला असे पुठ्ठ्याचे पंखे अडकवलेले असतात. यातला पुठ्ठा गेला होता, दांडा उरला होता. दांड्यावर शाईच्या पेन्सिलीने, उजवीकडे कललेल्या अक्षरात लिहिलं होतं, *ओझेलाच्या पायांसाठी. काढू नये. जून १९८४.*

ओझेलाने ते वाचलं. मग बोटांवर वर्षं मोजली. डॉक्टरांनी तिच्या आजाराला नाव दिलं ते पंच्याण्णव साली. त्याच्या अकरा वर्षं आधी तिच्या तळव्यांची नुसती आग व्हायची. ते तिने आईला सांगितलं नव्हतं, डॉक्टरला सांगितलं नव्हतं, लेम्युएललाही नाही. ती फक्त ट्रकमध्ये बसली की बूट काढायची.

आणि शेजारी गाडी चालवणाऱ्या माणसाने ते बघितलं होतं. बघून काही विचारलं नव्हतं. वारा लावून दिला होता आणि पुढची एकोणतीस वर्षं त्यावरून बोलणी खाल्ली होती.



"हे काढल्याशिवाय केबिन गार होणार नाही," टॅल्मज हळू आवाजात म्हणाला. "पण तुम्ही म्हणाल तर जाळी परत लावून टाकतो."

"काढू नये असं लिहिलंय दादाने," व्हर्निस म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता.

"त्याच्या आधी काय लिहिलंय तेही वाचलं मी," ओझेला म्हणाली. "पक्कड दे, टॅल्मज."

तारेचे वेढे तिने स्वतः सोडवले, एकेक करत, सावकाश. काडी हातात आली आणि झडप टक् करून मिटली. पायाशी येणारा वारा थांबला. ओझेलाने डोळे मिटून घेतले. पंधरा मिनिटांनी टॅल्मजने थर्मामीटर तिच्यापुढे धरला. अठ्ठ्याहत्तर. मग चौऱ्याहत्तर. मग सत्तर.

रविवारी सकाळी व्हर्निसने ट्रकचं दार लावलं. पूर्वी डबा आपटल्यासारखा आवाज व्हायचा. आता जाडजूड पुस्तक मिटावं तसा झाला. बाहेर डांबर चमकत होतं, गवत करपलं होतं, आणि आत शांतता. ओझेलाला इतकी शांतता त्या ट्रकमध्ये माहीतच नव्हती. आदल्या वर्षीचा पेट्रोल पंप आला आणि मागे गेला.

"वन्सं."

"काय होतंय? थांबवू?"

"जरा कमी करा तो एसी. थंडी वाजतेय."

व्हर्निस इतकी हसली की तिला वेग कमी करावा लागला.  मग त्या शांततेत ओझेलाला काहीतरी ऐकू आलं. बारीक, संथ, ओढून धरलेला सूर. शेवटचं अक्षर सोडताना किंचित उशीर करणारा.

"वन्सं, तुम्ही गुणगुणताय."

"मी नेहमीच गुणगुणते. आज काय नवीन?"

"मला कधी ऐकू आलं नाही."

"या डब्यात देवदूतांनी कर्णा फुंकला असता तरी ऐकू आलं नसतं, वहिनी." मग ती म्हणाली, "दादाही गुणगुणायचा. मी मध्ये बसायचे ना, त्याच्या खांद्याला खांदा लावून. मला ऐकू यायचं. तुझ्यापर्यंत पोचायचं नाही."

"काय म्हणायचा?"

व्हर्निसने म्हणूनच दाखवलं. पुन्हा तेच सुरू केलं, या वेळी जरा मोठ्याने. ओझेला खिडकीकडे तोंड करून ऐकत राहिली, उरलेले पन्नास मैल.

चर्चच्या पाच पायऱ्या ती आपल्या पायांनी चढली. रेव्हरंड गॅडिसांना दोघांनी धरून व्यासपीठावर आणलं, खुर्चीत बसवलं. गुरूने वाकून शिष्यांचे पाय धुतले, ती कथा त्यांनी त्या दिवशी लावली होती. आधी आवाज कापत होता. मग त्यांनी पाण्याचं भांडं शब्दांनी खाली ठेवलं, शब्दांनी गुडघे टेकले, आणि कुठून कोण जाणे, त्या वाळक्या देहातून सूर उठला. खालून साथ आली. ऑर्गन चालू झाला. माणसं उभी राहिली. ओझेला बसून होती, नजर स्वच्छ, पाय जमिनीवर घट्ट, आणि एकही शब्द तिच्या हातून निसटत नव्हता. तिने पर्समधून ती काडी काढली आणि बाकीच्या बायका पंखे हलवत होत्या तशी तालात हलवू लागली.

शेजारची म्हातारी वाकून म्हणाली, "अगं बाई, तुझ्या पंख्याला पुठ्ठाच नाही."

"वारा येतोय," ओझेला म्हणाली.

गोष्ट इथे थांबते. आता एवढंच मागणं आहे. कधी भर उन्हात, ध्यानीमनी नसताना, तुमच्या पायाशी झुळूक आली, तर फट कुठे आहे हे शोधायच्या आधी घटकाभर त्या डीकनला, लेम्युएल टार्व्हरला, आठवा.