बयनाबाईची जर्मनची थाळी

मित्रांनो, थाळीला काय कळतंय, असं म्हणू नका. मी जुनी आहे, काठाला पोचे पडलेत, बूड काळवंडलंय. पण कोण पोटभर जेवलं आणि कोण अर्ध्यावरून उठलं, हे माझ्याइतकं कोणालाच कळत नाही. मी जर्मनची थाळी. आमच्या आदिलाबादकडे अॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात. जर्मनी कुठं आणि मी कुठं! कुठल्याशा कारखान्यात पत्र्याच्या तुकड्यावर यंत्र दणकन आदळलं आणि माझा जन्म झाला, एवढंच मला ठाऊक.

बयनाबाईनं मला पैनगंगेकाठच्या आठवडी बाजारातून घेतलं. तेव्हा ती तरणीताठी होती, लोकांच्या कापसात मजुरीला जायची. मला फडक्यात बांधून डोक्यावरून शेतात न्यायची. ज्वारीची भाकर, ठेचा, कधी अंबाडीची भाजी. बांधावर बसून चार घास होतात न होतात तोच मुकादम ओरडायचा, "चाला!" झालं! उरलेली भाकर फडक्यात आणि बाई पुन्हा कापसात. त्या एका शब्दावर ती हातातला घास खाली ठेवायची. मला असा राग यायचा म्हणता! पण थाळीच्या रागाला कोण विचारतो?

त्या मजुरीवर तिनं दौलतला शिकवलं. तो तेलुगू शाळेत शिकला, आदिलाबादला दफ्तरात कारकून झाला, जवळच मावल्याला त्यानं घर बांधलं. घरात स्टीलची ताटं आली आणि माझे हाल सुरू झाले. कोणी मला लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवलं, कोणी माझ्यात कोंबड्यांना कण्या टाकल्या. बयनाबाई मात्र मला शोधून काढायची, राखेनं घासायची आणि माझ्यातच जेवायची. सून सुभद्रा शाळेत शिक्षिका. ती हसून म्हणायची, "आत्याबाई, पाव्हणे काय म्हनतीन?"

"म्हनू दे. माह्या थाळीत जेवलं का मले गोड लागते," बयनाबाई म्हणायची. तेव्हा माझी छाती कशी फुगायची, काय सांगू!

पुढं सुभद्राची बदली पार बेज्जूरच्या शाळेत झाली. ती सुट्टीलाच घरी येऊ लागली. अशात बयनाबाई अंगणात पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण तिला उठवायला-बसवायला दिवसभर माणूस हवं. दौलत दफ्तरात जाणार, सुभद्रा बेज्जूरला. मग म्हाताऱ्या माणसांची सेवा करणारी एक संस्था मंचेरियलला आहे असं कोणी सांगितलं आणि दौलत ती पाहायला गेला.

त्यानं जागा नीट पारखली, खोटं कशाला बोलू? घरी येऊन तो सुट्टीला आलेल्या सुभद्राला सगळं सांगत होता आणि मी फळीवरून ऐकत होते. संडासात धरायला दांड्या आहेत, चादरींना वास नाही, डॉक्टर नेमानं येतो. त्यानं स्वयंपाकघरात उभं राहून वरणाची चव घेतली होती. तिथल्या दोन म्हाताऱ्यांजवळ बसून गोष्टी केल्या होत्या. त्यांनी मनापासून तारीफ केली. हे सगळं बोलणं तेलुगूत झालं होतं. दौलतला दोन्ही भाषा सारख्याच, त्यामुळं आपण कोणत्या भाषेत बोललो हे त्याच्या ध्यानातही राहिलं नव्हतं. आणि बयनाबाईला तेलुगूतलं "रा" आणि "पो", म्हणजे ये आणि जा, एवढं सोडून काही येत नव्हतं.

"तू म्हनतं तं जाईन, बाप्पा," ती म्हणाली. "माही थाळी तेवढी संग घे."

दौलतला माझी लाज वाटली. त्यानं मला वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातलं.

मित्रांनो, ती जागा खरंच चांगली होती. तिथली आया राजव्वा मायाळू बाई, माझ्यात भात वाढताना हात आखडता घेत नसे. बयनाबाई पहिले चार घास खायची. मग राजव्वा भाताचं भांडं घेऊन पुन्हा यायची आणि वाकून विचारायची, "चाला, अम्मा?"

तेलुगूत "चाला?" म्हणजे "पुरे का?"

बयनाबाई घास खाली ठेवायची, काठी धरायची आणि उठायला लागायची. राजव्वाला वाटायचं, म्हातारीचं पोट भरलं. ती लगबगीनं तिचा हात धरायची आणि खाटेपर्यंत नेऊन पोचवायची. भातानं अर्धी भरलेली मी तशीच मागे राहायचे. रोज हेच. कोणी रागावत नव्हतं, कोणी हिडीसफिडीस करत नव्हतं, आणि माझी बाई डोळ्यांदेखत उपाशी राहत होती. अगं, बस ना! जेव ना! मी मनातल्या मनात ओरडायचे. थाळीला तोंड असतं तर किती बरं झालं असतं!

दौलत रविवारी यायचा, पण गाडी पोचेपर्यंत जेवणं आटोपलेली असायची. आईच्या हाताची हाडं दिसू लागली, ते त्यानं पाहिलं. त्यानं संस्थेच्या साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, वयामुळं भूक मंदावते, आम्ही वाढतो पण त्याच उठून जातात. दौलतनं मान हलवली. आईजवळ येऊन तो म्हणाला, "माय, पोटभर जेवतं ना?"

ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हो, बाप्पा. मजेत हावो."

एकदा मधल्या वारी सुट्टी आली आणि दौलतला सकाळची गाडी मिळाली. तो पोचला तेव्हा पंगत नुकतीच बसली होती. तो आईशेजारी बाकावर टेकला. राजव्वा भांडं घेऊन आली, वाकली, "चाला, अम्मा?" आणि बयनाबाईनं घास ठेवून काठी उचलली.

"काऊन उठली व, माय?"

"थे चाला म्हन्ते ना."

दौलतला हसूच फुटलं. "अवं माय, 'पुरे का' म्हून विचारून राह्यली थे! तेलुगूत चाला म्हन्जे पुरे!" तो हसत माझ्याकडे वळला. माझ्यात अजून किती भात होता ते त्यानं पाहिलं. मग तिच्या मनगटाकडे पाहिलं. त्याचं हसू तिथंच विरलं.

"रोज अशीच उठतं का तू?"

बयनाबाईनं हो म्हणून मान डोलावली.

"अवं, मले सांगाचं नाई का? मी दर हप्त्याले येऊन राह्यलो ना!"

तेव्हा ती अगदी हळू बोलली. "मले वाटलं, तुनंच सांगतलं असंन तिले. बुढीले जास्त नोका देऊ म्हून. तुहा बी काई इलाज नसंन. म्हून मी काई बोलली नाई."

राजव्वा घाबरून विचारू लागली, अम्मा काय म्हणाली? दफ्तरात सारा दिवस या भाषेतलं त्या भाषेत करणाऱ्या दौलतला ते एवढंसं बोलणं तेलुगूत सांगता आलं नाही. तो तिथंच खाली मान घालून रडला. सगळी पंगत जेवायची थांबली.

त्यानं त्याच दिवशी आईला घरी आणलं. आता दफ्तराच्या वेळेत शेजारच्या रुक्माबाई तिच्याजवळ बसतात. एवढं साधं आपल्याला आधी काऊन नाई सुचलं, असं तो सुभद्राला पुन्हा पुन्हा विचारतो. तीही डोळे पुसते. राजव्वाचा दोष नव्हता, जागेचाही नव्हता, हे दोघांनाही कळतं आणि त्यानं त्यांना आणखीच वाईट वाटतं.

मित्रांनो, आपलं माणूस कुठं ठेवायची वेळ तुमच्यावरही येईल. संडास पाहा, चादरी पाहा, डॉक्टरचं विचारा, सगळं करा. पण ज्याला तिथं राहायचं आहे त्यालाही संग न्या. त्याच्याशेजारी जेवायला बसा आणि त्याचं जेवण होईपर्यंत उठू नका. आमच्या घरी दौलत आता रोज स्वतःच्या हातानं माझ्यात वाढतो. "अजून घेतं का, माय?" असं विचारतो. बयनाबाईला भूक असते, मला कळतं ना. पण हो म्हणण्याआधी ती अजूनही त्याच्या तोंडाकडे पाहते.