खिडकीवाला

थोरल्या लेकाने चोरी केली, ते एक वेळ आजीने गिळलं होतं. पण आता त्या चोरीच्या गोष्टी तो ज्या चवीने सांगत सुटला होता, ते काही तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

तुरुंगातून सुटून पोरगा प्रभूकडे वळला, हे चांगलंच झालं. त्यासाठी तिने स्वतः गुडघे झिजवले होते. पण दर रविवारी हा पठ्ठ्या प्रार्थनामंदिरात साक्ष द्यायला उभा राही आणि दर रविवारी पाप वाढलेलं असे. घड्याळजीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शिरून त्याने एक रेडिओ आणि चार घड्याळं लांबवली होती. संपलं. साक्षीत त्या खिडकीपुढे भिंत आली, भिंतीवर काचा आल्या, आणि परवा तर आत एक कुत्राही भुंकायला लागला.

"कुत्रा नव्हता," आजी तिसऱ्या बाकावरून म्हणाली. "मांजर होतं. तेही झोपलेलं."

थोरल्याने रुमालात तोंड लपवलं. मागच्या बायका हळहळल्या, "किती नम्र झालाय हो!"

सून आजीच्या कानाशी लागली. "इतका नम्र झालाय, की घरात पाण्याची बादली उचलत नाही. म्हणतो, माझे हात अपवित्र आहेत."

त्याच आठवड्यात घड्याळजी न्हाणीघरात पडला. कंबरेचं हाड मोडलं. पुढेमागे कुणी नाही. उचलून बसवायला, अंग पुसायला माणूस हवा. कोण जाईल, असं पाळकसाहेबांनी मंडळीला विचारलं, तेव्हा सगळ्या धडधाकट पुरुषांना एकदम प्रार्थना सुचली. डोळे घट्ट मिटून बसले.

मग पाळकसाहेब आजीच्या दारात आले. घड्याळजीचाच निरोप होता: "तुमच्या त्या खिडकीवाल्याला पाठवा. अंगात बळ आहे, आणि माझ्या घरात काय कुठे आहे ते त्याला सांगत बसावं लागणार नाही."

सुनेने पदर तोंडात कोंबला. थोरला पांढराफटक पडला.

"साहेब, मी लायक नाही."

"लायक माणसांना सवड नाही," पाळकसाहेब म्हणाले. "आणि प्रभू 'माझ्यामागे ये' म्हणतो. 'आधी धुऊन-पुसून ये' असं कुठे म्हणतो?"

थोरला ढसाढसा रडला. या खेपेला ते रडणं खरं होतं. आजीने त्याला पाळण्यापासून ओळखलेलं. भरल्या प्रार्थनामंदिरात पाप सांगायला तो डरत नव्हता. त्या एका माणसाच्या डोळ्याला डोळा द्यायची वेळ आली, तशी त्याची पाचावर धारण बसली. आता गेला नाही, तर जन्मभर बाकापाशी उभा राहून कुत्रेच वाढवत बसेल.

"चप्पल घाल," ती म्हणाली. पाळकसाहेबांना चहा द्यायला सुनेला सांगितलं, आणि त्याचं मनगट धरून निघाली.

घड्याळजीचं दार बंद. सकाळची नर्स दार ओढून गेली होती. कुलूप आपोआप लागणारं आणि किल्ली तिच्याच पर्समध्ये.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

थोरला आजीच्या पाठीमागे सरकला. आजीनेच सांगितलं, "तुम्ही बोलावलेला आलाय."

"मग बाहेर काय करतोय? मागच्या खिडकीने ये म्हणावं. तो गेल्यापासून तिची कडी लागतच नाही."

दोघं मागे गेली. खिडकी तीच. ओट्याच्या कडेला मांजरही तेच, झोपलेलं.

"आई, मी सगळ्यांसमोर शपथ घेतलीय," थोरला पुटपुटला. "परत कुणाच्या खिडकीतून शिरणार नाही. माझ्यासारख्याने या घरात—"

"अरे, येतोस की नाही?" आतून घड्याळजी कण्हला. "कूस बदलायचीय मला."

आजीने कमरेवर हात ठेवले.

"ऐक. कुणी बोलावलं नव्हतं तेव्हा इथूनच शिरलास, तेव्हा नाही आठवली लायकी? आज घरचा धनी बोलावतोय, वरचा धनीही बोलावतोय, आणि तू बाहेर उभा राहून नखरे करतोस? तू नालायकच आहेस. मी तुझी आई सांगतेय, त्यात कुणाला शंका नको. बोलावणाऱ्यालाही ते ठाऊक आहे. चढ आता. आणि या खेपेला पाय पुसून आत जा."